छेद कुठे गेला?

मुलांनो, गेल्या पंधरवड्यात एकाच घरातलं भांडण माझ्याकडे दोन पाकिटांतून आलं. एक पाकीट पेणहून, दुसरं रोह्याहून. पेणची ताई आठवीत आहे आणि तिचा रोह्याचा मावसभाऊ सहावीत. गणपतीत हा भाऊ मावशीकडे पेणला राहायला गेला होता. यंदा पावसाळ्यात दोघांच्याही शाळेत डोळे यायची साथ आली होती. त्यावरून जुंपली.

ताई म्हणाली, "आमच्या शाळेत तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त मुलांचे डोळे आले." भाऊ म्हणाला, "हॅ! आमचा वर्ग अर्धा रिकामा होता." मावशी म्हणाली, "अरे, डोळे यायची कसली शर्यत लावताय? मोदक गार होतायत." पण ऐकतात कशाला! शेवटी दोघांनी ठरवलं की, आपापल्या शाळेतले आकडे लिहून मला पाठवायचे आणि मी निकाल द्यायचा.

आकडे आले. शाळांची नावं आणि त्यांचे खरे आकडे मी इथे छापत नाही. उगाच पुढच्या वर्षी आणखी दोन शाळा शर्यतीत उतरायच्या! गणित सोपं जावं म्हणून मी माझ्या मनाने आकडे घेतो. समजा, पेणच्या शाळेत ६० मुलांचे डोळे आले आणि रोह्याच्या शाळेत ३६. साठ मोठे की छत्तीस? ताई जिंकली म्हणायची का?

थांबा. पेणची शाळा मोठी आहे. समजा, तिथे १२०० मुलं आहेत आणि रोह्याच्या शाळेत ४००. आता मांडा अपूर्णांक. ६० छेद १२०० म्हणजे शंभरात ५. आणि ३६ छेद ४०० म्हणजे शंभरात ९. झाली ना गंमत? आकडा पेणचा मोठा, पण साथ जोरात होती ती रोह्याला. अर्धा वर्ग रिकामा असं म्हणताना भावाने जरा तिखटमीठ लावलं असेल, पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

दोघांनीही मला फक्त वरचा आकडा, म्हणजे अंश कळवला होता. छेद कुणीच लिहिला नव्हता. तो मला उलट टपाली मागवून घ्यावा लागला. त्यात नवल नाही म्हणा. मोठी माणसंही वर्तमानपत्रात 'अमुक गावात तापाचे इतके रुग्ण' असं वाचतात, हळहळतात आणि पान उलटतात. इतके रुग्ण कितीजणांत, हे विचारायचं राहूनच जातं. आजारी माणसाकडे डॉक्टर बघतात, तसं आजारी गावाकडे बघणारं एक शास्त्र आहे. त्याला साथरोगशास्त्र म्हणतात. आणि या शास्त्राचा पहिला धडा म्हणजे तुमच्या गणिताच्या पुस्तकातला अपूर्णांक. बरं का, ज्यांना अपूर्णांकांचा कंटाळा येतो त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

छेद विसरला तर काय होतं, त्याचं एक खरं उदाहरण सांगतो. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची, म्हणजे आपण ज्याला पटकी म्हणतो तिची, मोठी साथ आली. हा रोग कशामुळे होतो, ते तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. घाणेरड्या हवेमुळे होतो असं बहुतेक डॉक्टरांना वाटायचं. रॉबर्ट कॉक यांनी कॉलऱ्याचा जंतू जगापुढे मांडला तो पुढे १८८४ साली, आणि तोही कलकत्त्यात काम करताना. पण जॉन स्नो नावाच्या एका डॉक्टरांना आधीपासूनच पाण्याचा संशय होता. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवत. एकाच रस्त्यावर एका घरी या कंपनीचा नळ, शेजारच्या घरी त्या कंपनीचा. पहिली कंपनी साउथवर्क अँड वॉक्सहॉल. ती टेम्स नदीचं पाणी शहरातूनच उचलायची, जिथे गटारं नदीत येऊन मिळत. दुसरी लॅम्बेथ. तिने १८५२ सालीच आपली जागा वर, स्वच्छ पाण्याकडे हलवली होती.

स्नोसाहेब घरोघर हिंडले. जिथे माणूस दगावला त्या घरात कुणाचं पाणी येतं ते विचारत गेले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला. पहिल्या कंपनीच्या घरांत १२६३ मृत्यू. दुसरीच्या घरांत ९८. आणि बाकीच्या सगळ्या लंडनमध्ये १४२२.

नुसतं हे वाचून एखादा म्हणेल, "बाकीच्या लंडनमध्ये तर सगळ्यात जास्त माणसं गेली. मग त्या कंपनीला नावं कशाला ठेवता?" आता छेद बघा. पहिल्या कंपनीची घरं ४०,०४६. दुसरीची २६,१०७. बाकीच्या लंडनमधली घरं तब्बल २,५६,४२३. दर दहा हजार घरांमागे किती मृत्यू ते काढा. पहिली कंपनी ३१५. दुसरी ३७. बाकीचं लंडन ५५. पाहिलंत? गुन्हेगार लगेच उघडा पडला! (स्नोसाहेबांच्या पुस्तकात बाकीच्या लंडनपुढे ५९ छापलंय. तुम्ही भागाकार करून बघा. मोठ्या माणसांचंही गणित कधी कधी चुकतं, हे बाबांना दाखवायला हरकत नाही.)

आता पुन्हा पेण-रोह्याकडे येऊ. छेद मिळाला, निकाल लागला, असं मला वाटलं होतं. पण ताईच्या दुसऱ्या पत्राने पुन्हा घोटाळा केला. तिने लिहिलं होतं, "मी त्या सोमवारी हजेरीच्या वेळी कितीजणांचे डोळे लाल आहेत ते मोजलं." आणि भावाने? शाळा सुरू झाल्यापासून गणपतीपर्यंत ज्याचे ज्याचे म्हणून डोळे आले, ते सगळे मोजले होते. एकाने मोजलं आज कितीजण आजारी आहेत. दुसऱ्याने मोजलं इतक्या दिवसांत नव्याने कितीजण आजारी पडले. या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. डॉक्टर पहिलीला प्रिव्हलन्स म्हणतात, दुसरीला इन्सिडन्स. आपण एकूण रुग्ण आणि नवे रुग्ण म्हणू.

हा फरक समजायला पेणच्या मुलांना लांब जायला नको. घराजवळच्या गणपतीच्या कारखान्यात डोकवा. समजा, एका कारखान्यात रोज साच्यातून १० मूर्ती निघतात. शाडूची मूर्ती सुकायला वेळ लागतो. समजा, ती ८ दिवस फळीवर बसून राहते आणि मग रंगवायला आत जाते. मग कुठल्याही दिवशी गेलात तरी फळीवर ८० मूर्ती दिसणार. आता ऊन कडक पडलं आणि मूर्ती ४ दिवसांतच सुकायला लागली, तर? फळीवर ४० च दिसतील. येणारा पाहुणा म्हणेल, "काय हो, यंदा काम निम्म्यावर आलं वाटतं!" कारागीर हसेल. कारण साच्यातून अजूनही रोज १० च मूर्ती निघतायत. मूर्ती फळीवर बसते किती दिवस, तेवढंच बदललंय.

आजारांचंही असंच असतं. साच्यातून निघालेल्या मूर्ती म्हणजे नवे रुग्ण. फळीवरच्या मूर्ती म्हणजे आजचे एकूण रुग्ण. आणि फळीवरचे दिवस म्हणजे आजार किती काळ राहतो ते. डोळे आठवड्याभरात बरे होतात, म्हणून एका सोमवारी मोजलेले रुग्ण नेहमी थोडे दिसणार आणि अख्ख्या पावसाळ्यात मोजलेले जास्त. तेव्हा ताईचे शंभरात ५ आणि भावाचे शंभरात ९ हे एका तराजूत घालताच येत नाहीत! निकाल रद्द. दोघांनाही मी तसं कळवलंय. भाऊ नाराज झालाय असं ऐकतो.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. तुमच्याच रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ नेरे इथे शांतिवन आहे. कुष्ठरोग निवारण समितीचं काम तिथे चालतं. पूर्वी या रोगावर डॅप्सोन हे एकच औषध असायचं आणि ते वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर घ्यावं लागायचं. म्हणजे एकदा नाव वहीत चढलं की ते उतरतच नसे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात दर दहा हजार माणसांमागे साधारण ५७ कुष्ठरुग्ण नोंदलेले होते. पुढे दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली. आता सहा महिने किंवा वर्षभर औषध घेतलं की रुग्ण बरा झाला, नाव वहीतून बाद. २००५ साल संपता संपता हा आकडा दहा हजारांमागे एकाच्या खाली आला. फार मोठं काम झालं, यात शंका नाही. बरे झालेले लोक हातापायांच्या व्यंगातून वाचले. पण हा फळीवरचा आकडा आहे, हे विसरू नका. साच्यातून मूर्ती निघणं काही तितकं कमी झालं नव्हतं. २०१० नंतरच्या वर्षांतही देशात दरवर्षी लाखाच्या वर नवे कुष्ठरुग्ण सापडत होते. 'कुष्ठरोग गेला' असं समजून तपासणी ढिली पडली तर नुकसान कुणाचं, हे सांगायला नको. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवायचं, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे ना, तेवढं बघा.

आता जी गोष्ट सांगायला मी खरं तर आज बसलो, ती. माझं आजोळ रोहा तालुक्यातलं. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं तिथे जमायचो. आजी अंथरूण झटकल्याशिवाय झोपू द्यायची नाही. चप्पल उलटी करून आपटल्याशिवाय पायात घालायची नाही, असा नियम होता. कारण विंचू! लाकडाच्या ढिगात, गोवऱ्यांत, पेंढ्यात, कौलांच्या खाली, कुठेही. आणि विंचू चावला की पहिली धाव गावातल्या विंचू उतरवणाऱ्या आजोबांकडे. ते पुटपुटत हात फिरवायचे, राख लावायचे. सगळं गाव म्हणायचं, "त्यांच्या हाताला यश आहे."

मलाही ते खरंच वाटायचं. एके वर्षी वाडीतल्या माझ्याच वयाच्या मुलाला विंचू चावला. त्यालाही त्यांच्याकडेच नेलं. रात्रभर तो घामाने निथळत होता, ओकत होता. पहाटे त्याला धाप लागली आणि उजाडायच्या आत तो गेला. लोक म्हणाले, "त्याची वेळ भरली होती." आजोबांच्या हाताचं यश होतं तसंच राहिलं. कारण तो मुलगा त्या हिशेबात कुणी धरलाच नाही.

पुष्कळ वर्षांनी मला त्या यशाचं गणित सुटलं. आपल्याकडे मोठा काळा विंचू असतो, इंगळी म्हणतात तो. दिसायला भयंकर, चावला तर ब्रह्मांड आठवतं, पण त्याने माणूस सहसा दगावत नाही. खरा धोका लहानशा तांबूस विंचवाचा. त्याच्याही सगळ्याच चाव्यांत विष जोरात भिनतं असं नाही. समजा, १०० जणांना विंचू चावला आणि त्यातले ९० जण काहीही न करता आपोआप बरे होणारे आहेत. मग राख लावा, शेण लावा नाहीतर पाढे म्हणा, शंभरात नव्वद यश ठरलेलंच! प्रश्न त्या उरलेल्या दहांचा असतो.

त्या उरलेल्यांकडे नीट बघणारा एक तरुण डॉक्टर याच जिल्ह्यात आला. डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, नागपूरला शिकलेले. १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धट्टीकट्टी मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. काय करायचं ते पुस्तकांत धड लिहिलेलं नव्हतं. बावस्करांनी पहिल्यांदा काय केलं असेल? रुग्णाच्या खाटेशी बसून लिहून ठेवायला सुरुवात केली. ओकारी कधी झाली, घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, धाप केव्हा लागली. या टिपणांतून त्यांना दिसलं की, विषामुळे शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भलता ताण पडतो आणि मग फुप्फुसांत पाणी भरतं. मूल मरतं ते त्याने. त्यांची ही निरीक्षणं १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. कुठे बिरवाडी आणि कुठे लंडन!

पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं औषध त्यांनी वापरून पाहिलं. त्याने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. गोळी साधी, स्वस्त. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ते काम १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. या औषधाच्या आधी, विष जोरात भिनलेल्या रुग्णांत शंभरातले २५ ते ३० दगावत. औषधानंतर शंभरात एकापेक्षाही कमी.

इथे जरा थांबा आणि मघाचा प्रश्न विचारा. शंभर म्हणजे कोणते शंभर? विंचू चावलेले सगळे? नाही. विष जोरात भिनलेले, दवाखान्यापर्यंत पोचलेले. सगळे चावे छेदात घेतले असते तर आकडा आधीच लहान दिसला असता आणि औषधाची करामत कळलीच नसती. बावस्करांनी छेद बरोबर निवडला. आजारी पडलेल्यांपैकी किती दगावले, हे मोजायची ही तिसरी रीत. अर्थात जी मुलं घरीच, राख लावून घेत गेली, ती याही छेदात नाहीत.

पुढे विंचवाच्या विषावरची लसही मिळू लागली. मग प्रश्न आला, नुसतं प्राझोसिन बरं की प्राझोसिन आणि लस दोन्ही? विंचू उतरवणाऱ्या आजोबांसारखं 'मला गुण आलेला दिसतो' असं म्हणून चालणार नव्हतं. महाडला ७० रुग्णांचे दोन गट केले, ३५ आणि ३५. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरांनी आपल्या मर्जीने ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर सोडायचं. नाहीतर बरी वाटणारी मुलं नकळत एकाच बाजूला जमा होतात. प्राझोसिन दोन्ही गटांना दिलं. कुणालाही औषधावाचून ठेवलं नाही, हे महत्त्वाचं. लस एकाच गटाला. दहा तासांनी बघितलं, तर लसवाल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे झाले होते आणि नुसत्या प्राझोसिनवाल्या ३५ पैकी ८. २०११ साली हे काम 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं. इथे दोन्ही छेद सारखे, दोन्हीकडे वेळ सारखी मोजलेली. ताई आणि भाऊ, वाचताय ना?

२०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवण झाली ती आजोळच्या वाडीची. तो मुलगा आज असता तर त्यालाही माझ्यासारखेच चष्मा आणि नातवंडं असती.

पालकांसाठी दोन ओळी. तांबूस विंचू चावल्यावर मुलाला खूप घाम फुटला, ओकाऱ्या झाल्या किंवा हातपाय गार पडले तर वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा. औषध किती आणि कधी द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. घरच्या घरी गोळी देऊ नका.

आणि हे या वेळचं कोडं. २०११ च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या सुमारे ३८ हजार होती आणि रोह्याची सुमारे २१ हजार. समजा, एका पावसाळ्यात पेणमध्ये डेंग्यूचे ७६ नवे रुग्ण सापडले आणि रोह्यात ४२. हजारी किती ते दोन्हीकडे काढा. आता मेख अशी की, पेणच्या माणसाने फक्त जुलै महिना मोजलाय आणि रोह्याच्या माणसाने जून ते सप्टेंबर असे चार महिने. डास कुठे जास्त जोरात होते? उत्तर पोस्टकार्डावर, रीत दाखवून. नुसतं उत्तर चालणार नाही. आणि पेणच्या ताईने व रोह्याच्या भावाने एकाच पोस्टकार्डावर दोघांच्या सहीने पाठवायचं आहे.